पुढची गाडी बाजूला झाली की खरी परीक्षा! एडास मदत करतं की घात?

नमस्कार मंडळी!

मागच्या व्हिडिओत मी टायरबद्दल बोलले आणि खाली निम्म्या कॉमेंट एडासच्या, म्हणजे ड्रायव्हरला मदत करणाऱ्या गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक सिस्टिमच्या. "ताई, एडासवालं टॉप मॉडेल घेऊ की पैसे वाचवू?" "ताई, तो लेनचा टुकटुक आवाज कायमचा बंद कसा करायचा?" आणि एक दादा दर व्हिडिओखाली न चुकता लिहितात, "ज्यांना गाडी येत नाही त्यांच्यासाठी असतात ही थेरं." दादा, आज तुमच्यापासूनच सुरुवात.

तुमच्या गाडीत एबीएस आहे ना, जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारं? १९७८ मध्ये ते मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आलं, तेव्हाही लोक हेच म्हणत होते की चांगल्या ड्रायव्हरला याची गरज काय. आज तुम्ही कचकन ब्रेक दाबता, पायाखाली पेडल थरथरतं, स्टिअरिंग हातात राहतं, आणि तुम्हाला वाटतं आपणच गाडी सांभाळली. तेही थेरच होतं की!

बेसिक गोष्टी भराभर उरकते, तुम्हाला माहीत आहेत. विंडशील्डच्या वर, आरशामागे कॅमेरा. पुढच्या बंपरमध्ये किंवा ग्रिलमागे रडार. दोघं मिळून पुढचं बघतात. त्यावर ऑटो ब्रेकिंग, गाडी लेनमध्ये ठेवणारं लेन कीप, पुढच्या गाडीशी अंतर राखत वेग सांभाळणारं अडॅप्टिव्ह क्रूझ चालतं. मागच्या कोपऱ्यांत छोटी रडारं, ती ब्लाइंड स्पॉटसाठी, म्हणजे आरशात न दिसणाऱ्या जागेसाठी. झालं.

आता माझं मत. यातल्या काही गोष्टी गप्प बसून असतात आणि तुम्ही चुकलात तरच मधे पडतात. एबीएस, गाडी घसरायला लागली की सावरणारं ईएसपी, आपोआप लागणारा इमर्जन्सी ब्रेक, ब्लाइंड स्पॉटचा दिवा. या डोळे झाकून घ्या. अमेरिकेत विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी आयआयएचएस नावाची संस्था आहे. तिच्या अभ्यासात ऑटो ब्रेक असलेल्या गाड्यांचं पुढच्या गाडीवर मागून आदळणं साधारण निम्म्यावर आलं. यावर वाद घालण्यात मला रस नाही.

दुसऱ्या प्रकारात गाडी तुमचं काम स्वतः करते आणि तुम्हाला म्हणते, तू फक्त लक्ष ठेव. अडॅप्टिव्ह क्रूझ आणि गाडी लेनच्या मधोमध धरून ठेवणारं लेन सेंटरिंग एकत्र लावलं की हेच होतं. माझं भांडण आहे ते याच्याशी. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणारा शेजारी बसतो ना, तसं तुम्हाला बसवलंय. आणि शिकाऊ पोरगं रोज इतकं नीट चालवतं की तुम्ही मोबाइल काढता.

माणसाला नुसतं बघत बसणं जमत नाही, हे काही मी आज शोधलेलं नाही. नॉर्मन मॅकवर्थ नावाच्या संशोधकाने तासन्तास रडारचा पडदा बघणाऱ्यांच्या निमित्ताने केलेले प्रयोग १९४८ मध्ये छापले. घड्याळासारख्या तबकडीवर काटा टिकटिक पुढे सरकतो, क्वचित एकदम दुप्पट उडी मारतो, ती उडी पकडायची. पहिल्या अर्ध्या तासातच लोकांची नजर ढिली पडायला लागली. ही माणसं आळशी नव्हती बरं का, त्यांना बसवलंच होतं त्याच कामाला!

आता ज्यासाठी व्हिडिओ केलाय ते. पुढची गाडी अचानक लेन सोडते आणि तिच्यापुढे काहीतरी उभं असतं. बंद पडलेला ट्रक म्हणा, रस्त्याच्या कामाची गाडी म्हणा. तुम्ही क्रूझवर आहात. गाडी थांबेल? भरवसा ठेवू नका.

का, ते सांगते. समोरची वस्तू आपल्या जवळ किती वेगाने येतेय हे रडारला फार छान कळतं. पण उभा ट्रक, वरचा साइनबोर्ड, पुलाचा कठडा, हे सगळे त्याच्या दृष्टीने सारखेच, आपल्याच वेगाने जवळ येणारे. प्रत्येक बोर्डाला बघून गाडी ब्रेक मारायला लागली तर मागचा तुमच्या डिकीत येईल. म्हणून उभ्या वस्तूंकडे बरंचसं दुर्लक्ष करायला त्याला शिकवलेलं असतं. नव्या गाड्यांत कॅमेरा आणि रडार एकमेकांशी पडताळून बघतात, सुधारणा झालीय, नाही म्हणत नाही. तरी मॅन्युअल उघडा. उभी वाहनं ओळखली जातीलच असं नाही, असं बहुतेक मॅन्युअलमध्ये लिहिलेलं सापडेल.

अजून पटत नसेल तर हिशोब करू. वेग १००, म्हणजे सेकंदाला जवळजवळ २८ मीटर. पुढच्या गाडीशी दोन सेकंदांचं अंतर, ५६ मीटर. पुढचा माणूस ट्रकच्या ४० मीटर अलीकडे लेन बदलतो. ट्रक तुमच्यापासून ९६ मीटरवर. कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरवर १०० वरून थांबायला ढोबळमानाने ४० मीटर लागतात. तुमचं लक्ष रस्त्यावर असेल, एका सेकंदात पाय ब्रेकवर गेला, तर २८ आणि ४०, अडुसष्टला थांबलात. लक्ष नव्हतं, "अरे, गाडी करेल की" म्हणून अडीच सेकंद गेले, तर ७० आणि ४०, एकशे दहा. ट्रक शहाण्णववर आहे. एवढंच गणित आहे, परत मागे जाऊन ऐका.

आणि एकदा शेजारी बसून हे बघितलंय. गाडी मित्राची, क्रूझ लावलेलं, पुढे एक उंच व्हॅन. पठ्ठ्या मला फीचर समजावून सांगत होता. व्हॅन बाजूला झाली. स्क्रीनवरचं पुढच्या गाडीचं छोटं चित्र गेलं आणि इंजिनचा आवाज चढला. कळलं का? गाडीच्या मते रस्ता मोकळा झाला, म्हणून ती ठरवलेला वेग गाठायला निघाली! समोर बाणाचे दिवे लुकलुकत कामाची गाडी उभी. त्याचा पाय ब्रेकच्या वरच होता म्हणून काही झालं नाही. तेव्हापासून मी सगळ्यांना एकच सांगते, पुढची गाडी हलायला लागली की तुमचा पाय ब्रेकवर हवा. स्क्रीन नंतर बघा.

"पण ताई, हात काढले की गाडी ओरडते ना!" ओरडते. बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगवर थोडा जोर जाणवतोय का एवढंच बघतात. मग गाडीला फसवायला लोक स्टिअरिंगला वजन लटकवतात. २०१८ मध्ये अमेरिकेच्या एनएचटीएसए या सरकारी रस्ता सुरक्षा संस्थेने असं एक उपकरण विकणाऱ्यांना विक्री बंद करायची नोटीस दिली होती. त्याची लिंक मागणाऱ्या कॉमेंट मी उडवते, आणि पुढेही उडवणार. डोळ्यांवर नजर ठेवणारा कॅमेरा असेल तर तो बरा. पण ड्रायव्हरवर लक्ष ठेवण्यात गाड्या किती कच्च्या आहेत बघा. आयआयएचएसने २०२४ मध्ये अशा १४ सिस्टिम तपासल्या, त्यातली एकच "ठीक" ठरली आणि ११ चा शेरा "खराब".

नावंही मुद्दाम फसवी. १९५८ मध्ये क्रायस्लरने साधं क्रूझ कंट्रोल आणलं, नुसता वेग धरून ठेवणारं, त्याचंही नाव ठेवलं "ऑटो-पायलट"! ते शोधून काढणारे राल्फ टीटर अंध होते. त्यांचे वकील गाडी चालवताना बोलायला लागले की वेग कमी-जास्त करायचे, त्याला ते वैतागले, असं सांगतात. मला हा माणूस फार आवडतो. विषयांतर झालं, असो.

आता टुकटुक आवाजाचं. लेनसारखीच वेगाचीही टुकटुक असते. युरोपमध्ये ७ जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या कारमध्ये वेगमर्यादेची सूचना देणारी सिस्टिम सक्तीची आहे. बंद करा, पुढच्या वेळी गाडी सुरू केली की ती परत चालू. शेजारच्या सर्व्हिस रोडची पाटी वाचून ती उगाच बोंब मारते, तेव्हा तुमचा राग मला समजतो. खोट्या हाका मारून मारून ही मंडळी स्वतःचीच किंमत घालवतात. पण रागाच्या भरात ऑटो ब्रेकही बंद करू नका. मेन्यूत दोन्ही शेजारीशेजारी असतात. लेनचा आवाज बंद करून थरथर ठेवता येते का बघा, बऱ्याच गाड्यांत येते.

राहता राहिला एक प्रश्न, तो तिघाचौघांनी विचारलाय. काच फुटली, नवी बसवली, आता गाडी लेनमध्ये उगाच एका बाजूला ओढते. कॅमेरा काचेला चिकटलेला असतो, किंचित कोन बदलला तरी लांबवर मोठा फरक पडतो. काच बदलली की कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेरा परत नीट जुळवून घेणं, करावंच लागतं. झालंय असं तोंडी सांगितलं तर ऐकून घेऊ नका, रिपोर्टचा कागद मागा. आणि तो मिळेपर्यंत लेन कीप बंद ठेवा.