टकाहोकाठचे तीन वाटे

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याचा हा टॅल्बट परगणा. इथे टकाहो ओढ्याजवळ एरन अँथनीची शेतं होती. नोव्हेंबर 1826 मध्ये अँथनी वारला. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. वारस तीन: अँड्र्यू, रिचर्ड आणि मुलगी लुक्रीशिया. वाटणीआधी लुक्रीशियाही गेली, आणि तिचा हिस्सा तिचा नवरा थॉमस ऑल्ड याच्याकडे आला.

ही अँथनीची वही. या ओळीवर जरा थांबू या. ‘हॅरिएटचा मुलगा फ्रेडरिक ऑगस्टस, फेब्रुवारी 1818.’ हाच पुढचा फ्रेडरिक डग्लस, गुलामगिरीतून सुटून तिच्याविरुद्ध लढलेला नामवंत वक्ता आणि लेखक. आपला जन्म नेमका कधीचा, हे त्याला आयुष्यभर कळलं नाही. मालकाच्या वहीत मात्र ते लिहिलेलं होतं. कारण मेरीलँडच्या कायद्याने गुलाम ही जंगम मालमत्ता होती, आणि अँथनीच्या मालमत्तेत पंचवीसहून जास्त माणसं होती.

ऑक्टोबर 1827. नऊ वर्षांचा फ्रेडरिक तेव्हा बाल्टिमोरला, थॉमसच्या भावाच्या घरी होता. वाटणीसाठी त्याला बोलावणं आलं. निघताना तो, घरची मालकीण सोफिया आणि तिचा लहानगा टॉमी, तिघंही रडले.

शेतावर सगळ्यांना एका रांगेत उभं केलं. घोडे, मेंढ्या, डुकरं. आणि त्यांच्याच ओळीत पिकल्या केसांची म्हातारी माणसं, तरण्या बायका, पोरं. प्रत्येकाला निरखून किंमत ठरली. मग वाटे घातले. कुणा वारसावर अन्याय होऊ नये म्हणून तिन्ही वाट्यांची किंमत सारखी ठेवायची होती. आई कुठल्या वाट्यात, लेक कुठल्या, हे त्या हिशेबात बसतच नव्हतं.

फ्रेडरिकला धास्ती होती ती अँड्र्यूची. त्याने काही दिवसांपूर्वीच फ्रेडरिकच्या भावाला, पेरीला, गळा धरून आपटलं होतं आणि बुटाची टाच डोक्यावर हाणली होती. नाका-कानातून रक्त येईपर्यंत.

फ्रेडरिक आणि बहीण एलायझा ऑल्डच्या वाट्याला गेले. पेरी, बहीण सारा आणि त्यांना सांभाळणारी आजी बेट्सी अँड्र्यूच्या. महिन्याभरात फ्रेडरिक पुन्हा बाल्टिमोरला पोचला.

साराला 1832 मध्ये दूर मिसिसिपीला विकलं. पेरी पुढे टेक्सासला गेला. गुलामगिरी संपल्यावर, 1867 मध्ये, तो बायकामुलांसह न्यू यॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला भावाच्या दारात आला. फ्रेडरिकने त्याच्यासाठी आपल्या आवारात एक छोटं घर बांधायला घेतलं.