रोम नावाची मुन्शिपाल्टी

नमस्कार. अध्यक्षसाहेब, वाचनालयाचे कार्यकर्ते, आणि उकाडा, लग्नसराई व क्रिकेट या तिघांनाही चकवून इथवर आलेले तुम्ही सगळे.

पत्रिकेवर विषय छापलाय, 'रोम: इतिहास आणि आधुनिक जगावरील प्रभाव'. इसवी सनापूर्वी ७५३ हे रोमच्या स्थापनेचं परंपरेनं चालत आलेलं साल. म्हणजे झाली पावणेतीन हजार वर्षं, आणि मला दिलीत पंचावन्न मिनिटं. मिनिटाला पन्नास वर्षं पडतात. मघाशी हा माईक वर-खाली करण्यात एक शतक गेलं.

मी इतिहासाचा माणूस नव्हे. छत्तीस वर्षं नगरपालिकांच्या पाणीपुरवठा खात्यात काढली. त्यामुळे रोमकडे मी पाइपातूनच बघणार, हे आधीच सांगून टाकतो. रोम म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सीझर येतो, सिंहाच्या तोंडी दिलेली माणसं येतात, शहर जळत असताना फिडल वाजवणारा नीरो येतो. फिडल तेव्हा जन्मालाही आलं नव्हतं, पण ते राहू द्या. माझं म्हणणं असं, की हा सगळा दर्शनी भाग झाला. मागच्या बाजूला रोम ही एक नगरपालिका होती, आणि जगाने रोमकडून जे खरोखर उचललं ते या मागच्या दाराने.

आमची आजी 'मुन्शिपाल्टी' म्हणायची. 'मुन्शिपाल्टीचा नळ गेला का रे?' तिला कुठे ठाऊक, की आपण लॅटिन बोलतोय! 'म्युनिसिपियम' म्हणजे रोमच्या अमलाखालचं, पण आपला कारभार आपणच बघणारं गाव. तो शब्द इंग्रजांच्या हातून आमच्या आजीच्या तोंडी आला. प्लंबरचंही तेच. 'प्लंबम' म्हणजे शिसं, आणि रोमचे नळ शिशाचे. आणि 'सिनेट' या शब्दाच्या मुळाशी आहे 'सेनेक्स', म्हणजे म्हातारा माणूस. समोरच्या खुर्च्यांकडे बघितलं तर ही सभा... बरं, नाही बोलत.

२०१६ च्या जूनमध्ये आम्ही उभयता टूरबरोबर युरोपला गेलो. अकरा दिवसांत सात देश. रोमच्या वाट्याला एक दिवस आणि त्यातला निम्मा जेवायला, कारण वरणभात जिथे मिळतो ते हॉटेल शहराच्या दुसऱ्या टोकाला. ट्रेव्हीच्या कारंज्यापाशी वीस मिनिटं दिली. कारंज्याकडे पाठ करायची आणि उजव्या हाताने डाव्या खांद्यावरून नाणं टाकायचं, म्हणजे रोमला पुन्हा येणं होतं म्हणे. आमच्यातल्या एका काकूंनी दहा रुपयांचं नाणं टाकलं. म्हणाल्या, 'कुणाला कळतंय?'

सगळे फोटो काढत होते, मी पाणी बघत होतो. कारण ते कारंजं १७६२ साली पुरं झालं असलं तरी त्याला पाणी देणारी वाहिनी इसवी सनापूर्वी १९ सालची. ऑगस्टस बादशहाचा उजवा हात असलेल्या अग्रिप्पाने बांधलेली ही 'अॅक्वा व्हर्गो'. एकवीसेक किलोमीटर लांब, जवळजवळ सगळी जमिनीखालून. आणि उतार किती? किलोमीटरला वीतभर! इथे कुणी सिव्हिलचे असतील तर त्यांना कळेल मी काय म्हणतोय. थोडा जास्त उतार दिला तर पाणी चुना खरवडून नेतं, थोडा कमी दिला तर गाळ बसतो. पेशव्यांनी कात्रजहून पुण्यात भुयारी नळाने पाणी आणलं ते काम मी आत उतरून पाहिलंय, म्हणून मला हे कौतुक जरा जास्त. मधल्या काळात ती वाहिनी पडली, बुजली, कितीदा तरी दुरुस्त झाली, पण नाव आणि झरे तेच.

तेवढ्यात सौभाग्यवतींना तहान लागली. समोर गाडा होता. पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली तीन युरो, म्हणजे तेव्हाचे सव्वादोनशे रुपये. घेतली, करता काय! कोपऱ्यावर वळलो तर रस्त्याच्या कडेला कमरेच्या वर येणारा ओतीव लोखंडाचा खांब, त्याला नाकासारखी वाकडी तोटी, आणि पाणी अखंड वाहतंय. एक आजोबा आले, त्यांनी तोटीच्या तोंडावर बोट दाबलं, तर तोटीच्या वरच्या अंगाला एक भोक होतं त्यातून पाण्याची कमान उडाली. आजोबा त्या कमानीला तोंड लावून प्यायले, मिशा पुसल्या, गेले. फुकट! आमच्या हिने एकदा त्या नळाकडे बघितलं, एकदा हातातल्या बाटलीकडे बघितलं, आणि म्हणाली, 'छत्तीस वर्षं पाणी खात्यात होतात ना हो?'

त्या नळांना 'नासोने' म्हणतात, मोठं नाक. १८७४ पासून बसवत आलेत, शहरात अडीचेक हजार आहेत. त्यांना बंद करायची चावीच नसते, हे बघून माझा जीव मात्र कासावीस झाला. आमची सगळी हयात गळती मोजण्यात गेली आणि इथे राजरोस नळ चोवीस तास सोडलेले! त्यांचं म्हणणं, सतत वाहिल्याने पाणी पाइपात शिळं होत नाही. २०१७ च्या दुष्काळात त्यांनाही बरेच नळ बंद करावे लागले, तेव्हा मला वाईट वाटलं आणि थोडं बरंही वाटलं.

आता माझ्या खऱ्या दैवताकडे येतो. सेक्स्टस युलिअस फ्रॉन्टिनस. इसवी सन ९७ मध्ये नेर्व्हा बादशहाने त्याला रोमच्या पाणी खात्याचा प्रमुख नेमलं. कॉन्सलपद, म्हणजे बादशहाखालोखालचा मान, भोगलेला, ब्रिटनची सुभेदारी केलेला माणूस, आणि आला कुठे, तर वॉटर वर्क्सला! रुसून बसला नाही. आल्याबरोबर म्हणतो, हाताखालचे सांगतील तसं खातं चालवण्यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही. म्हणून सगळ्या वाहिन्या स्वतः फिरला, आणि जे कळलं ते लिहून ठेवलं. पुढे त्या पुस्तकाची जुनी प्रत मोंते कॅसिनोच्या मठात सापडली म्हणून आपल्याला हे वाचायला मिळतं.

त्याच्या वेळी रोमला नऊ वाहिन्यांचं पाणी होतं. माप होतं 'क्विनारिया', म्हणजे साधारण सव्वादोन सेंटिमीटर व्यासाची तोटी, आपल्या पाऊण इंचीच्या जवळपासची. त्याने खात्याची वही उघडली. वहीत आवक १२,७५५ क्विनारिया. वाटप किती? १४,०१८! म्हणजे आलं त्यापेक्षा १,२६३ जास्त वाटलं. चमत्कारच की. मग हा गडी उगमाशी जाऊन मोजतो, तर तिथे वहीपेक्षा दहाएक हजार क्विनारिया जास्त पाणी आत येतंय. मग ते जातं कुठे?

हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो. कारण नोकरीला लागून दीड वर्ष झालं असताना मी हेच पाहिलं होतं. गावाचं नाव सांगत नाही, काही मंडळी अजून पेन्शन घेतायत. मी हेडवर्क्सचं, म्हणजे गावासाठी पाणी उपसतात तिथलं, लॉगबुक तपासलं. पंप चोवीस तास चालू, रोज, महिनाभर. आणि गावात भारनियमन आठ तासांचं! मी पंपवाल्याला विचारलं, 'बाबा रे, हा पंप कशावर चालतो?' तो शांतपणे म्हणाला, 'साहेब, पहिल्यापासून असंच लिहितात.' मी सोळा पानी अहवाल दिला. लॉगबुकाच्या नकला, वीजबिलं, व्हॉल्व्ह सोडायच्या वेळा, सगळं जोडलं. तीन आठवड्यांनी फाइल परत आली. वर हिरव्या शाईत दोन शब्द, 'पाहिले. दप्तरी.' ती हिरवी शाई मला अजून स्वप्नात दिसते. फ्रॉन्टिनसचं नशीब असं, की त्याच्यावर फक्त बादशहा होता, मुख्याधिकारी नव्हता.

तर पाणी जात होतं कुठे? नळजोड देताना ब्राँझची ठरावीक मापाची तोटी बसवायची, तिच्यावर अधिकाऱ्याचा शिक्का मारायचा. ब्राँझच का? तर ते शिशासारखं वाकवून मोठं करता येत नाही. मुख्य नळावरून घरचा जोड देताना बसवतात ते आपलं फेरूल जसं. प्रत्यक्षात तोटी मोठ्या मापाची, शिक्का गायब. जोड नव्या मालकाच्या नावावर झाला की पाणीवाले टाकीला नवं भोक पाडायचे आणि जुनं भोक तसंच ठेवायचे, विकायला! फरसबंदीखालून चोरनळ टाकलेले, त्यांना जागोजागी भोकं पाडून दुकानदारांना पाणी दिलेलं. या भोकांचं काम बघणाऱ्या माणसाला पाणीवाल्यांत वेगळं नावसुद्धा होतं. कायदा होता हो! जलवाहिनी फोडली तर एक लाख सेस्टर्स (हे त्यांचं नाणं) दंड, इसवी सनापूर्वी ९ सालापासून. खात्यात सातशे माणसं होती, सगळे गुलाम. गवंडी, गिलावेवाले, टाक्या राखणारे. आणि फ्रॉन्टिनसची तक्रार काय? ही माणसं वशिल्याने खाजगी कामांवर पाठवली जातात. साहेबांच्या बंगल्यावर बागेला पाणी घालायला माझाही एक फिटर जायचा.

हाच फ्रॉन्टिनस पुढे छाती काढून विचारतो, की आमच्या या कामांपुढे तुमचे रिकामटेकडे पिरॅमिड आणि ग्रीकांच्या नावाजलेल्या निरुपयोगी इमारती कुठे लागतात? अथेन्सवर प्रेम करणारे कुणी असतील तर त्यांनी मनावर घेऊ नये. पाणी खात्याचा माणूस बोलतोय.

आणि या शहराचा गळा कसा दाबला, तर तोही पाण्याने. ५३७ साली गॉथांनी, म्हणजे एका जर्मानिक टोळीने, रोमला वेढा घातला आणि वाहिन्या तोडल्या. एके रात्री काही गॉथ मशाली घेऊन अशाच एका कोरड्या वाहिनीतून आत सरकत आले. पहारेकऱ्याला उजेड दिसला, तर बरोबरचे म्हणाले, लांडग्याचे डोळे असतील! रोमचा सेनापती बेलिसारियस याने वाहिन्यांची तोंडं आधीच बुजवून घेतली होती म्हणून शहर वाचलं. पाण्यावर चालणाऱ्या पिठाच्या गिरण्या बंद पडल्या, तेव्हा त्याने टायबर नदीत नावा बांधून त्यांवर गिरण्या चालवल्या. पण ऐन भरात दहा लाखांच्या घरात असलेलं गाव पुढे काही हजारांवर आलं. टेकड्या ओस पडल्या, लोक नदीच्या वळणावर येऊन राहिले. नळ गेला की वस्ती पाण्याकडे सरकते, हे...

चिठ्ठी आली. 'दहा मिनिटे.' मी अजून ५३८ सालात आहे. बरं, आता पळतो.

पोपांनी शहर परत उभं केलं, तेही पाण्यापासूनच. पाचव्या निकोलसने १४५३ मध्ये व्हर्गो दुरुस्त केली, नंतर पाचव्या सिक्स्टसने आणि पाचव्या पॉलने नव्या वाहिन्या आणल्या. २० सप्टेंबर १८७० ला इटलीच्या सैन्याने पोर्ता पिआ या वेशीपाशी तट फोडला, १८७१ ला रोम राजधानी झालं. मुसोलिनी, व्हॅटिकनचा १९२९ चा करार, हे सगळं गाळतो.

प्रभाव. पहिला, ज्यासाठी खरं तर मी आलो होतो. १९८१ साली स्पेनमध्ये सेव्हिलजवळ ब्राँझचे सहा पत्रे सापडले. इर्नी नावाच्या आडगावाची ही सनद, पहिल्या शतकाच्या अखेरची. निवडणूक कशी घ्यायची, गावच्या पैशाचा हिशोब कुणी द्यायचा, आणि परत बांधायचं नसेल तर गावातलं घर पाडायचं नाही! तशाच मजकुराचे तुकडे स्पेनमधल्या इतर गावांतही मिळालेत, म्हणजे एकच नमुना सगळीकडे धाडलेला. मॉडेल बाय-लॉज! यावर माझी वीस मिनिटं होती. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यापर्यंत आणणार होतो. आणलं असं समजा.

दुसरा, कायदा. जस्टिनियन बादशहाने सहाव्या शतकात रोमन कायद्याची संहिता केली, ती कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला. तिच्यावरून युरोपातले कायदे, त्यांतला एक १८६७ चा पोर्तुगीज दिवाणी कायदा, आणि तो गोव्यात. गोव्यात आईबापांना मृत्युपत्र करून सगळी मालमत्ता मुलांच्या हातून काढता येत नाही, निम्मा वाटा राखीव असतो. ही राखीव वाट्याची कल्पना रोमन. म्हापशाच्या नोटरीकडे बसलेल्या माणसाच्या मागे जस्टिनियन उभा आहे.

तिसरा, भिंतीवरचं कॅलेंडर. जुलै सीझरचा, ऑगस्ट ऑगस्टसचा. सप्टेंबर म्हणजे सातवा, आणि येतो नववा. कारण त्यांचं वर्ष मूळचं मार्चपासून. आपल्या आर्थिक वर्षासारखं, फक्त एक महिना आधी. १५८२ मध्ये तेराव्या ग्रेगरी पोपने ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आणला. पगाराचं काय केलं असेल?

आपला संबंध? आहे. प्लिनी नावाचा रोमन लेखक रडतो, की हिंदुस्थान दरसाल पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. त्यातला काही पैसा कल्याण-सोपाऱ्यावरून, पैठण आणि तेरच्या बाजारात. कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ब्राँझची मूर्ती निघाली, जाऊन बघा. आपला 'दीनार' हा त्यांचा 'दिनारियस'.

युरोपीय संघाचं मूळ ज्या करारात, तो रोममध्येच झाला, २५ मार्च १९५७ ला. आणि रस्त्यावरच्या गटाराच्या झाकणावर आजही 'एसपीक्यूआर' ही चार अक्षरं असतात, 'रोमची सिनेट आणि जनता'. प्रजासत्ताक जाऊन दोन हजार वर्षं झाली. मी त्या झाकणाचा फोटो काढत होतो तेव्हा बस सुटायला आली होती आणि टूर मॅनेजर माझ्या नावाने ओरडत होता.

दुसरी चिठ्ठी. हो, थांबतो. आभार मानणाऱ्यांनी यावं. समोरची ही बाटली मी उघडलेली नाही, परत ठेवून द्या. मी येतानाच दाराजवळच्या माठातलं पाणी पिऊन आलोय. फक्त त्या माठाच्या तोटीचा वायसर बदला, थेंब थेंब गळतंय.