पारसिकच्या डोंगराला टॉलरन्स किती?

(ठाण्यातल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय 'आपल्या गावाचं चित्र आणि चुकलेली रेघ'. रेघेकडे मी येणारच आहे. पण आधी डोंगराचं बोलू द्या, कारण माझं सगळं भांडण तिथून सुरू होतं.

शाळेत ते चित्र काढलं नाही असं इथे कुणी आहे का? दोन त्रिकोणी डोंगर, मधोमध अर्धा सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी, झोपडीला चिकटून माड. हसताय, म्हणजे काढलंय! आता मला सांगा, असा त्रिकोणी डोंगर ठाण्यातून कुठून दिसतो? पूर्वेला खाडीपलीकडे पारसिक, पश्चिमेला येऊर. आपला सूर्य पारसिकमागून वर येतो आणि येऊरमागे जातो. म्हणजे डोंगर आहेत, सूर्यही आहे, चित्राला लागणारं सगळं देवाने दिलंय. पण आकार? आपला डोंगर लाव्ह्याचा आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला, थंड झाला आणि मग पावसापाण्याने झिजला. म्हणून सह्याद्रीचे माथे इतक्या ठिकाणी सपाट दिसतात, कड्यांना पायऱ्या दिसतात. पारसिकची तर एकच लांबलचक पाठ आहे, मध्ये मध्ये खाणींनी खरवडलेली. पावसाळ्यात मुंब्र्याच्या बाजूला तिच्यावरून पाण्याच्या पांढऱ्या रेघा उतरतात. लोकलच्या दारातून रोज लाखो माणसं ते बघतात आणि घरी येऊन पोराला त्रिकोण काढून देतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता ती गोष्ट सांगतो. माझ्या घरच्यांनी ती पुष्कळदा ऐकलीय, तुम्ही एकदा ऐका. मी आठवीत होतो, एलिमेंटरीची तयारी चालली होती. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी हे सगळं केलेलं असणार. स्मरणचित्राच्या सरावासाठी मी मासुंदा तलावाचा काठ काढला. घरून शाळेत जाताना तलावपाळी रोज लागायची, त्यामुळे डोळे मिटले तरी ती समोर यायची. कौपिनेश्वराच्या देवळाचं शिखर, कठडा, एक होडी, कठड्यावर पाठमोरे बसलेले दोन म्हातारे. तेव्हा काठावर गडकरी रंगायतन नव्हतं, ते १९७८ सालचं, त्यामुळे आभाळ भरपूर होतं. शिखर थोडं कलंडलं होतं, हे खरं. आमचे सर आले. त्यांच्याबद्दल एक आधी सांगतो, ब्लेडने पेन्सिलीला टोक काढावं तर त्यांनीच. लांब, निमुळतं, शिसं जरासुद्धा न मोडता. मी आजही तसंच टोक काढतो. तर सर म्हणाले, "कळस वाकडा आहे." मी म्हटलं, सरळ करतो. तर म्हणाले, "राहू दे, हे परीक्षकाला ओळखूही येणार नाही." त्यांनी माझ्या हातातला खोडरबर घेतला आणि कळसापासून होडीपर्यंत सगळं खोडलं. म्हातारेही गेले. त्या जागी सफाईदार हाताने दोन त्रिकोण काढले, मध्ये सूर्य काढला आणि म्हणाले, "हे घोटव."

मी घोटवलं. पासही झालो. आणि नंतर बरीच वर्षं चित्र म्हणून काही काढलंच नाही.

मला सरांचा राग आहे तो त्यांनी वाकडेपणा दाखवला म्हणून नाही. दाखवायलाच हवा होता. पण वाकड्या शिखरावरचा उपाय म्हणून त्यांनी गावच पुसून टाकलं, याचा राग आहे. सरळ, बिनचूक आणि कुठलंच नसलेलं चित्र त्यांना वाकड्या ठाण्यापेक्षा बरं वाटलं. आजही कुणाला म्हटलं, चला, उपवन तलावाला बसून स्केच करू, तर पहिलं उत्तर येतं, "नको हो, मला चित्र येत नाही." माणूस गाणं येत नसताना गुणगुणतो, पण चित्र येत नसेल तर पेन्सिलीला हातही लावत नाही.

पुढे डिप्लोमा केला आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात लागलो. तिथे आयुष्य गेलं. ड्राफ्टर, ट्रेसिंग पेपर, रोट्रिंगचं पेन. शाईची रेघ चुकली की अर्ध्या ब्लेडने हलक्या हाताने खरवडायची. अमोनिया प्रिंटचा तो वास, नाकातून दिवसभर जायचा नाही. या खोलीत ड्रॉइंग ऑफिसातले कोणी असतील तर त्यांना आत्ता तो वास आला असेल. तुम्हाला वाटेल, तिथे तर सगळं काटेकोरच असणार. होतंच. पण ज्या अपूर्णतेला शाळेत जागा नव्हती, ती तिथे कागदावर रीतसर लिहिलेली असायची. आम्ही तिला टॉलरन्स म्हणायचो, म्हणजे माप किती इकडेतिकडे झालं तर चालेल याची सूट.

एक उदाहरण देतो, आकड्यांना घाबरू नका. पंचवीस मिलिमीटरच्या भोकात पंचवीसचा शाफ्ट फिरवायचाय. ड्रॉइंगवर दोन्हीकडे नुसतं पंचवीस लिहिलं आणि कारागिराने दोन्ही अगदी बरोब्बर पंचवीसचे केले, तर तो शाफ्ट सहज फिरणार नाही. म्हणून एच सात, जी सहा असं फिट द्यायचं. म्हणजे भोक २५.००० ते २५.०२१ च्या मधलं कितीही चालेल आणि शाफ्ट २४.९८० ते २४.९९३ च्या मधला. दोघांत कमीत कमी सात मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या सात हजारांशांची फट राहते, तेलाला जागा मिळते, यंत्र चालतं. आणि महत्त्वाचं म्हणजे सगळ्या मापांना सारखा टॉलरन्स नसतो. बेअरिंगच्या जागी मायक्रॉन मोजायचे. बाहेरच्या कव्हरला अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर कुणी विचारत नाही. सगळीकडे मायक्रॉन मागणारा नवखा असतो, आणि त्याने बनवायला दिलेला भाग महाग पडतो.

निवृत्तीनंतर पुन्हा वही घेऊन तलावपाळीवर बसलो, तेव्हा पट्टीशिवाय आडवी रेघ मारायला हात धजेना. मग हेच आठवलं. मी स्वतःला विचारलं, या चित्रात बेअरिंग कुठलं आणि कव्हर कुठलं?

थोडं विषयांतर करतो, पण आबालाल रहिमान यांचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. कोल्हापूरचे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले आणि कोल्हापुरात राहून कोटितीर्थ काढत राहिले. तेच तळं, तोच काठ, पुन्हा पुन्हा. एवढा मोठा चित्रकार, त्याला एक तळं पुरलं. आपल्याला तर तलावांचं शहर म्हणतात!

आणि खाडी? कळव्याच्या पुलाजवळ बसून खाडी काढायला घ्या. तुम्ही चिखल काढता, चिखलातून वर आलेली तिवरांची श्वसनमुळं काढता, रंग भरायला मान खाली घालता, आणि तासाभराने बघता तर मुळं पाण्याखाली. भरती आणि ओहोटीत साधारण सहा तासांचं अंतर, त्यामुळे समोरचा देखावा तुमच्यासाठी थांबत नाही. मग बरोबर कुठलं, सुरुवातीचा चिखल की आत्ताचं पाणी? माझ्या एका चित्रात दोन्ही आहेत. डावीकडे चिखल, उजवीकडे पाणी. एका नातेवाइकाने विचारलं, हे चुकलंय का? मी म्हटलं, नाही, मी तिथे किती वेळ बसलो होतो ते यात दिसतंय. फोटोत ते मावत नाही. हीच खाडी फ्लेमिंगोंसाठी २०१५ साली अभयारण्य झाली, २०२२ साली रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली. ऐरोलीला जाऊन आपण पक्ष्यांचे फोटो काढतो, पण...

चिठ्ठी आली. दहा मिनिटं म्हणतायत. बरं, मग पत्रिकेवरचा विषय आता भराभर सांगतो.

चित्र सुरू करण्याआधी टॉलरन्स ठरवा. पाण्याची पातळी आडवीच हवी, तिथे सूट नाही. तलावाची पलीकडची कड कलंडली की डोळ्याला पाणी सांडताना दिसतं. प्रतिबिंब वस्तूच्या सरळ खाली, तिथेही सूट नाही. ही दोन झाली तुमची बेअरिंगं. पारसिकच्या धारेला थोडी सूट. चढ-उतारांचा क्रम सांभाळा, उंची थोडी चुकली तरी ठाणेकर डोंगर ओळखतोच. झाडं, होड्या, माणसं यांना भरपूर सूट. घोडबंदर रस्त्यावरच्या टॉवरच्या खिडक्या तर मोजूच नका. तीन-चार नीट काढा, बाकीच्या बघणारा स्वतः भरतो.

दुसरं, चुकलेली रेघ खोडू नका. शेजारी बरोबर रेघ मारा आणि दोन्ही राहू द्या. याला साधं तांत्रिक कारणही आहे. खोडल्याने कागदाचा पृष्ठभाग खरवडतो, वरून जलरंगाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात दिला की तिथेच रंग जास्त शोषला जातो आणि डाग दिसतो. म्हणजे जी चूक लपवायची, तीच ठळक होते. जलरंगात पांढरं म्हणजे कोरा ठेवलेला कागद. तो एकदा गेला की तसाच परत येत नाही. ते आधी ठरवा आणि मग मागे बघू नका. जुलैत कागद वाळत नाही, एप्रिलमध्ये ब्रश टेकताच वाळतो. हवेशी भांडून उपयोग नाही, ओघळ आला तर तो पावसाळ्याचा ओघळ म्हणून राहू द्या.

तिसरं, मुलांचं चित्र दुरुस्त करायला त्यांची पेन्सिल हातात घेऊ नका. बोट ठेवून दाखवा, वाकडं आहे म्हणा, पण कागदावर रेघ त्यांचीच असू द्या. यावर मला आणखी अर्धा तास हवा होता.

हो, हो, थांबतो. रविवारी स्केच करायला ज्यांना यायचंय त्यांच्यासाठी शेवटचं: कळव्याकडच्या काठावर बसायचं तर भरतीची वेळ बघून निघा, ती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. महागडा कागद नसला तर मुलांच्या चित्रकलेच्या वहीतली पानं चालतील, फक्त पाणी कमी वापरा. पाण्याच्या दोन बाटल्या आणा, एक रंगांची आणि एक प्यायची. टोपी आणा. खोडरबर आणू नका.