हा उजेड आला कुठून?

मंडळी, फलकावर 'विमानाचा देखावा आणि प्रकाशयोजना' असं लिहिलंय. चाळीस मिनिटं दिलीत. त्यातली सात माझी ओळख करून देण्यात गेली, आणि तीही चुकली. मी इंजिनवाला नाही हो. आपल्या नाशिकजवळच्या ओझरचा विमान कारखाना १९६४ साली मिग-२१ या लढाऊ विमानासाठी निघाला, तेव्हा इंजिनं व्हायची तिकडे ओडिशात, कोरापुटला. आपल्याकडे सांगाडा उभा राहायचा आणि त्यात तारा ओढल्या जायच्या. मी तारा ओढणारा. निवृत्त झालो तरी घरात तेच चालू आहे, फक्त विमान आता बशीत मावतं.

हल्लीची पोरं याला डायोरामा म्हणतात. आपण गणपतीत पिढ्यान् पिढ्या देखावा म्हणतोय. शब्द कुठलाही घ्या, माझं म्हणणं एवढंच आहे की देखाव्यातल्या प्रत्येक दिव्याला विचारायचं, बाबा रे, तू आलास कुठून? रामकुंडावर संध्याकाळी द्रोणातला दिवा सोडताना बघा. पान आतून उजळतं, सोडणाऱ्याचा हात मनगटापर्यंत दिसतो, बांगडी चमकते, त्यापुढे काही नाही. तेवढाच उजेड असतो म्हणून तर आपण बघत उभे राहतो.

आता माझं दुखणं सांगतो. मंडळाचं नाव घेणार नाही, त्यांतले दोघं मागच्या रांगेत आहेत. (हशा.) २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला, तेव्हापासून या पोरांच्या डोक्यात मिगच होतं. म्हणाले, काका, यंदा ओझर दाखवू. मी एकास बहात्तरच्या मापात रात्रीचं हँगर केलं. या मापात मिगचे पंख टोकापासून टोकापर्यंत दहा सेंटिमीटरही भरत नाहीत, आणि शिडीवरचा कामगार माझ्या अंगठ्याच्या पेराएवढा. हँगरमध्ये दिवे तीनच, छताला एक पिवळा, कामगाराच्या हातात एक, आणि कॉकपिटमध्ये तांबूस धग. त्या हातातल्या दिव्यानं विमानाच्या पोटाखाली शिडीची सावली पडायची. ती सावली बसवायला मला चार रात्री लागल्या. एकदा कामगार सरकवला, एकदा शिडी कापली. हिनं विचारलं, जेवायला येताय की त्या बाहुल्याला वाढू?

दुसऱ्या दिवशी आरती झाल्यावर जाऊन बघतो, तर वर नऊ वॅटचा पांढरा बल्ब! का? तर 'काका, अंधार फार होता.' सावली गेली. कडेनं रंग बदलणारी पट्टी फिरवलेली. आणि मागे आफ्टरबर्नर, म्हणजे इंजिनाच्या शेपटाची ज्वाला, पेटवलेलं. हँगरच्या आत! शिडीवर माणूस आहे, दार बंद आहे आणि विमान आग ओकतंय. खऱ्या ओझरला असं झालं असतं तर निरोप समारंभ विमानाचा नसता झाला.

पण त्यावरही कडी म्हणजे पंखांच्या टोकांचे दिवे. डावा लाल, उजवा हिरवा, शेपटीला पांढरा. यात डावा कुणाचा? आत बसलेल्या वैमानिकाचा. विमान आपल्याकडे तोंड करून उभं असलं की लाल आपल्या उजव्या हाताला दिसणार. मंडळातल्या एका पठ्ठ्यानं समोर उभं राहून 'सुधारणा' केली, दोन्ही तारा उलट्या जोडल्या आणि वर मलाच सांगितलं, काका, तुमची चूक दुरुस्त केली. तेहेतीस वर्षं हेच केलं हो मी!

आपल्या त्र्यंबकचे दादासाहेब फाळके सिनेमाच्या आधी जादूचे प्रयोग करायचे, आडनाव उलटं करून प्रोफेसर केळफा म्हणून. जादूगाराला पक्कं ठाऊक असतं की कुठे उजेड पडू द्यायचा नाही. नाशिकच्या व्याख्यानात फाळके आलेच पाहिजेत, ते एक उरकलं.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, आता कृती, भराभर.

पहिलं, साधा तीन मिलिमीटरचा एलईडी पंखात घालू नका. बहात्तरनं गुणा, २१६ मिलिमीटर होतात. पंखाच्या टोकाला फुटबॉल बांधल्यासारखं दिसतं. त्याऐवजी अर्ध्या मिलिमीटरचा, उजेड वाहून नेणारा ऑप्टिकल फायबरचा धागा घ्या, एलईडी पोटात ठेवा आणि धागा टोकापर्यंत न्या. धाग्याचं टोक तापलेल्या सोल्डरिंग आयर्नजवळ नुसतं धरलं की ते फुगून भिंगासारखं होतं. टेकवू नका, जवळ धरा.

दुसरं, प्लास्टिक पातळ असतं. माझं पहिलं मिग पेटवलं तेव्हा अख्खं अंग उजळलं, साक्षात आकाशकंदील. जोडण्याआधी आतून काळा रंग मारा आणि त्यावर चंदेरी.

तिसरं, वीज. मोबाइलचा जुना पाच व्होल्टचा चार्जर पुरतो. लाल एलईडी साधारण दोन व्होल्ट घेतो, पांढरा तीन. पाच मिलिअँपिअर भरपूर झाले, म्हणून लालला ६८० ओहम, पांढऱ्याला ४७०. प्रत्येकाला स्वतंत्र रेझिस्टर हवा. एकाच रेझिस्टरवर दोघांना समांतर जोडलंत तर लाल सगळं पिऊन टाकतो आणि पांढरा उपाशी.

तार रिवाइंडिंगवाल्याकडची, ३८ गेज. टोकाचं वॉर्निश खरवडायचं, विसरलात तर रात्रभर एलईडीला शिव्या द्याल. आफ्टरबर्नर हवंच असेल तर दिवाळीतली बॅटरीवरची पणती फोडा, तिच्यातला लुकलुकणारा दिवा घ्या, सोबत एक निळा, आणि पुढे पॉलिश पेपरनं घासलेली प्लास्टिकची चकती. आणि विमान हँगरच्या बाहेर! काचेला झटपट चिकटणारा गोंद लावू नका, त्याच्या वाफेनं कॉकपिटवर पांढरी साय धरते. फेविकॉल लावा, वाळला की दिसत नाही. दिवे चिकटवण्याआधी, चिकटवल्यावर आणि जोडल्यावर असे तीनदा पेटवून बघा. कारण नंतर उघडता येत नाही.

दुसरी चिठ्ठी. नको, वाचत नाही. टेबलावर हे झाकलंय ना, ते तेच हँगर, परत नीट केलेलं. भाऊ, सभागृहाचे दिवे घालवा जरा. पंखा राहू द्या. मागचे पुढे या, लांबून सावली दिसत नाही. हां. हा छताचा. हा हातातला, शिडी दिसली? आता पंख. डावीकडे लाल... अहो काकू, तुमच्या डावीकडे नाही.