कॉर्नरच्या झेंड्यापाशी: सोनी नॉर्देचा फुटबॉल

(दृश्य: पावसाने भिजलेलं मैदान. कडेला लाल ट्रॅक. कॉर्नरचा झेंडा.)

31 मे 2015. बेंगळुरूचं कांतीरवा स्टेडियम. आय-लीगचा, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सर्वोच्च लीगचा शेवटचा सामना आणि विजेतेपदाचे दोन्ही दावेदार समोरासमोर. कोलकात्याच्या मोहन बागानचे 38 गुण, बेंगळुरू एफसीचे 36. बागानला बरोबरी पुरणार होती, बेंगळुरूला जिंकावंच लागणार होतं. पूर्वार्धात जॉन जॉन्सनने गोल केला आणि चषक बेंगळुरूकडे झुकला. तो 87 व्या मिनिटापर्यंत तिकडेच होता.

मग बागानला कॉर्नर मिळतो. बॉल ठेवायला येतो 16 नंबरचा जर्सीवाला, हैतीचा सोनी नॉर्दे.

आता इथे थांबून त्याच्या पायांकडे बघा. कॉर्नरची कमान फक्त एक मीटर त्रिज्येची असते. बॉल त्या कमानीत ठेवायचा. झेंडा हलवायला परवानगी नाही, त्यामुळे धाव त्याला वळसा घालूनच घ्यावी लागते. मागे ट्रॅक असला की पावलं आणखी आखडतात, कारण सिंथेटिकवर स्टड, म्हणजे बुटाच्या तळाचे खुंट, रुततच नाहीत. त्यात पाऊस. ओल्या बॉलवरून बूट सटकतो, फिरकी कमी बसते आणि बॉल ठरल्या जागेच्या दोन-तीन मीटर अलीकडे किंवा पलीकडे पडतो. म्हणून जाणता खेळाडू बॉल आधी जर्सीला पुसतो, दोन पावलं कमी घेतो आणि जोरापेक्षा उंचीवर भर देतो.

बॉल गर्दीवर येतो. बचावपटू बेलो रझाक उडी घेतो, डोकं लावतो. 1-1.

(दृश्य: बागानचे खेळाडू एकमेकांवर कोसळतात. निवेदन थांबतं. आठ सेकंद फक्त मैदानाचा आवाज.)

बागानला तब्बल 13 वर्षांनी देशाचं विजेतेपद मिळालं. गोल रझाकच्या नावावर लागला. स्कोअरबोर्डवर कॉर्नर घेणाऱ्याचं नाव येत नाही.

(दृश्य: हैतीची राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स, जुनी छायाचित्रं. सिल्व्हियो कातोर स्टेडियम.)

नॉर्देचा जन्म 27 जुलै 1989 चा, पोर्ट-ओ-प्रिन्समधला. हैती हा कॅरिबियन बेटांमधला फुटबॉलवेडा देश. 1974 च्या विश्वचषकात हैतीच्या एमान्युएल सानोंने इटलीचा गोलरक्षक डिनो झॉफ याला चकवून गोल केला होता. त्याआधी हजाराहून जास्त मिनिटं आंतरराष्ट्रीय सामन्यांत झॉफवर कुणालाच गोल करता आला नव्हता. तो गोल तिथे अजून घराघरांत सांगितला जातो.

पण व्यावसायिक फुटबॉलपटू म्हणून जगायचं तर हैतीच्या मुलाला बाहेर पडावंच लागतं. नॉर्दे कोवळ्या वयात अर्जेंटिनाला गेला, बोका ज्युनियर्सच्या तरुण संघात. 12 जानेवारी 2010 ला हैतीत भूकंप झाला तेव्हा तो वीस वर्षांचा होता. फुटबॉल महासंघाची इमारत कोसळली, आतली माणसं गेली. सिल्व्हियो कातोर स्टेडियमच्या मैदानात बेघरांचे तंबू उभे राहिले.

(दृश्य: तंबूंनी भरलेलं मैदान. गोलपोस्टला बांधलेली दोरी, त्यावर वाळत घातलेले कपडे.)

अर्जेंटिनानंतर मेक्सिको. तिथून थेट ढाका.

ढाका ऐकून अनेकांच्या भुवया उंचावतात. पण तेव्हा बांगलादेशातले क्लब परदेशी फॉरवर्डवर, म्हणजे आघाडीच्या खेळाडूंवर, चांगला पैसा लावत होते. नॉर्दे आधी शेख रसेलकडून खेळला, मग शेख जमाल धानमंडीकडून. 2014 मध्ये शेख जमाल आयएफए शील्ड या जुन्या स्पर्धेसाठी कोलकात्यात आला आणि अंतिम फेरीपर्यंत गेला. तिथे मोहमेडन स्पोर्टिंगने पेनल्टी शूटआउटमध्ये त्यांना हरवलं. शील्ड मोहमेडनला मिळाली, नॉर्दे मात्र कोलकात्याच्या नजरेत भरला. पुढच्या मोसमात तो बागानच्या हिरव्या-मरून जर्सीत होता.

इथे कागदाची गोष्ट सांगायलाच हवी, कारण अशा खेळाडूचं अर्धं आयुष्य कागदावर ठरतं. खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात गेला की आधीच्या देशाच्या महासंघाने आंतरराष्ट्रीय हस्तांतर प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते फिफाच्या ऑनलाइन प्रणालीतून येतं आणि ते आल्याशिवाय नव्या क्लबला नोंदणीच करता येत नाही. करार चालू असताना क्लबाने पैसे मोजून खेळाडू घेतला, तर त्या रकमेतले 5 टक्के त्याला 12 ते 23 या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. करार संपवून मोकळा झालेला खेळाडू गेला तर हस्तांतराची रक्कम नाही आणि तो वाटाही नाही. दर वर्षी-दोन वर्षांनी नव्या देशात जाणारे फॉरवर्ड बहुतेक असेच मोकळे होऊन जातात. ज्या गल्लीतल्या क्लबाने त्यांना पहिल्यांदा बूट दिले, त्याच्या हाती काही पडत नाही. हैतीसारख्या देशाचं हे फार मोठं नुकसान आहे.

(दृश्य: सरावाचं मैदान. डाव्या कडेवर एक तरुण विंगर, म्हणजे कडेने खेळणारा आघाडीपटू; समोर राइट-बॅक, म्हणजे विरोधी संघाचा उजवा बचावपटू. संथ गतीने.)

आता नॉर्देचं खरं हत्यार. तो उजव्या पायाचा, पण खेळायचा डाव्या विंगवर. बागानचे प्रशिक्षक संजय सेन यांनी त्याला तिथेच ठेवलं. आय-लीगमध्ये तेव्हा चार परदेशी खेळाडू चालत आणि त्यातला एक आशियाई असावा लागे. बागानकडे जपानचा कात्सुमी युसा, कॅमेरूनचा पिएर बोया, नायजेरियाचा रझाक आणि नॉर्दे.

बघा, बॉल घेताना तो मैदानाकडे अर्धा वळलेला असतो. पाठ गोलकडे असेल तर पहिलाच स्पर्श वाया जातो. मग तो राइट-बॅकच्या अंगावर सरळ धावतो. घाई नाही, बॉल पायापासून हातभरच लांब. शेवटच्या दोन मीटरांत डावा खांदा बाहेरच्या बाजूला टाकतो. राइट-बॅकला वाटतं हा कडेने निघाला, तो आपला भार तिकडे नेतो. त्याच क्षणी डावा पाय जमिनीत रोवून नॉर्दे उजवीकडे, आत वळतो. आता बॉल उजव्या पायावर आणि समोर गोलचा लांबचा खांब.

सगळं काम त्या रोवलेल्या पायाचं. स्टड जमिनीत अडकतात, पाऊल जागेवर राहतं, वरचं अंग फिरतं. ही पिळवट सोसतो गुडघा.

गवताच्या मैदानात स्टडखालची माती थोडी सुटते, ताण निघून जातो. कृत्रिम टर्फ तशी सुटत नाही. आणि त्या काळातल्या आय-लीगची मैदानं मोजा. कोलकात्याचं सॉल्ट लेक टर्फ. बारासात टर्फ. शिलाँग टर्फ. ऐजॉल टर्फ. मुंबईचं कूपरेज, तेही टर्फ.

(दृश्य: कूपरेज, दुपारचं ऊन. टर्फवरचे रबराचे काळे दाणे हातात घेतलेले, जवळून.)

हे दाणे भर उन्हात तापतात, मग तळव्यांना फोड येतात. टर्फ जुनी झाली की दाणे एका बाजूला सरकतात आणि मधे कडक चट्टे उरतात.

(दृश्य: नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम, नंतर अंधेरीचं क्रीडा संकुल.)

2015 मध्ये इंडियन सुपर लीगमधल्या मुंबई सिटीने नॉर्देला बागानकडून लोनवर, म्हणजे एका मोसमापुरतं उसनं घेतलं. सुपर लीग ऑक्टोबर ते डिसेंबर चालायची, आय-लीग जानेवारीपासून. त्यामुळे एकच खेळाडू दोन लीगमध्ये खेळू शकायचा. पहिला मोसम नेरूळला, खेळाडू-प्रशिक्षक निकोला अनेल्का. संघ सहावा आला. 2016 मध्ये घरचं मैदान अंधेरी झालं. छोटं स्टेडियम, प्रेक्षक थेट विंगरच्या कानाशी. प्रशिक्षक अलेक्झांद्रे गिमाराएस, पुढे उरुग्वेचा दिएगो फोर्लान, डावीकडे नॉर्दे. साखळीत मुंबई पहिली, 14 सामन्यांत 23 गुण. उपांत्य फेरीत कोलकात्यात 3-2 अशी हार, फोर्लानला लाल कार्ड. परतीच्या सामन्यात अंधेरीत 0-0, आणि मुंबई बाहेर.

त्या वर्षी केरळ ब्लास्टर्समध्येही डकेन्स नाझोन आणि केर्व्हन्स बेलफोर्ट हे दोन हैतीयन होते.

आता हे कॅलेंडर नीट बघा.

(दृश्य: भिंतीवरचं कॅलेंडर, एकेक पान उलटतं.)

3 ऑक्टोबर 2015: सुपर लीग सुरू. डिसेंबरमध्ये संपते. 9 जानेवारी 2016: आय-लीग सुरू. फेब्रुवारीच्या सुरुवातीला बागान एशियन चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीसाठी चीनमध्ये, शानदोंगकडून 6-0 असा पराभव. मग एएफसी कप ही आशियातली दुसऱ्या फळीची क्लब स्पर्धा, त्यात हाँगकाँग, मालदीव आणि म्यानमारचे संघ. एप्रिलअखेर लीग संपते, बागान दुसरा. 21 मे, गुवाहाटी: फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात मिझोरमच्या ऐजॉल संघावर 5-0, पहिला गोल नॉर्देचा. त्या बागानमध्ये त्रिनिदादचा कॉर्नेल ग्लेनही होता, 2006 च्या विश्वचषकात स्वीडनविरुद्ध क्रॉसबार हलवणारा. 1 ऑक्टोबर: पुन्हा सुपर लीग. 7 जानेवारी 2017: पुन्हा आय-लीग, या वेळी बागानपेक्षा ऐजॉल एका गुणाने पुढे.

सलग विश्रांती फक्त पावसाळ्यात. सुपर लीग आणि आय-लीग यांच्यामध्ये जेमतेम तीन आठवडे, त्यातही संघ नवा, प्रशिक्षक नवा, मैदान नवं. दोन क्लबांचे दोन फिजिओ. आधीच्या संघात कुठला स्नायू कधी ओढला गेला होता, हे पुढच्याला सांगण्याची ठरलेली व्यवस्था नाही. लोनच्या करारांत असा वैद्यकीय अहवाल बंधनकारक असायला हवा होता.

2017-18 च्या मोसमात गुडघ्याच्या दुखापतीने नॉर्दे मध्येच बागान सोडून गेला.

(दृश्य: रिकामं मैदान. डावी कड.)

पुढच्या मोसमात तो परत आला, खेळला. 2019 मध्ये अझरबैजानचा झिरा क्लब. मग मलेशियात मलाक्का, नंतर तेरेंगानू.

(दृश्य: अंधेरी, सकाळ. मैदानाचा कामगार चुन्याने कॉर्नरची कमान आखतो, एक मीटरची. झेंडा रोवतो. निवेदन नाही.)