संपर्क झाला, पण नोंद जुळली का?

मंडळी, हॅम म्हणजे हौशी रेडिओची परीक्षा झाली, परवाना आला, कॉलसाइन (स्टेशनचं ओळखनाव) मिळाली, अँटेनाही गच्चीवर चढली. आता जो तो विचारतो, डीएक्ससीसी हा सन्मान कधी मिळणार? १०० देशांशी बोललं की झालं, अशी बहुतेकांची समजूत असते. पण तुम्ही बोललात हे समोरच्याच्या नोंदीतही असावं लागतं, आणि ती नोंद तुमच्या नोंदीशी जुळावी लागते. घोडं पेंड खातं ते इथेच.

डीएक्ससीसी हा अमेरिकेच्या एआरआरएल या हौशी रेडिओ संस्थेचा सन्मान, १९३७ सालचा. महायुद्धानंतर सगळी मोजणी नव्याने सुरू झाली. १५ नोव्हेंबर १९४५ पासूनचे संपर्क धरतात. आज यादीत ३४० प्रदेशांची नावं आहेत. मात्र ही यादी शाळेतल्या नकाशाप्रमाणे चालत नाही. आपला भारत एक, अंदमान-निकोबार वेगळं, लक्षद्वीप आणखी वेगळं. आणि रद्द झालेल्या नावांत चक्क गोवा आहे! पोर्तुगीज काळात तिथल्या स्टेशनांच्या कॉलसाइन सीआर८ ने सुरू व्हायच्या. १९६१ अखेरपर्यंत ज्यांनी गोव्याशी बोलून कार्ड (संपर्काची पावती, म्हणजे क्यूएसएल) मिळवलं, त्यांच्या एकूण बेरजेत गोवा अजूनही जमा आहे. सिक्कीमचंही तसंच. आपला इतिहास कुणाच्या तरी चपलांच्या खोक्यात कार्ड होऊन पडलाय, याची मला मोठी गंमत वाटते.

आता घड्याळाकडे येऊ, कारण आपल्याकडच्या निम्म्या तक्रारी तिथल्याच. लॉगमध्ये, म्हणजे संपर्कांच्या नोंदवहीत, वेळ यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ लिहायची. आपण तिच्या साडेपाच तास पुढे. समजा १५ तारखेला पहाटे ४ वाजून १० मिनिटांनी ४० मीटर बँडवर (रेडिओलहरींच्या पट्ट्यावर) इटलीचं स्टेशन लागलं. लॉगमध्ये काय जाईल? २२:४०, आणि तारीख १४. नवा माणूस वेळ बरोबर बदलतो, तारीख तशीच ठेवतो. मग महिनोन्‌महिने म्हणत बसतो, ‘इटलीवाला कन्फर्म करत नाही.’ तो बिचारा कधीच करून मोकळा झालेला असतो.

लॉगबुक ऑफ द वर्ल्ड ही एआरआरएलची ऑनलाइन सोय २००३ पासून आहे. दोघांनी आपापला लॉग डिजिटल सही करून चढवायचा. कॉलसाइन, बँड, मोड (आवाज, मोर्स की डिजिटल ही पद्धत) जुळले पाहिजेत; वेळेत ३० मिनिटांपर्यंतचा फरक चालतो. आता जो गडी साडेपाचऐवजी सरळ पाच तास वजा करतो, त्याने ती सवलत स्वतःच खाऊन टाकली. समोरच्याचं घड्याळ मिनिटभर मागे असलं की संपर्क गेला. एफटी८ या कॉम्प्युटरवरच्या डिजिटल पद्धतीवाल्यांना हा त्रास कमी, कारण कॉम्प्युटरचं घड्याळ नीट नसेल तर तिथे बोलणंच होत नाही. जाता जाता सांगतो, २०१७ साली ही पद्धत आणणाऱ्या दोघांपैकी जोसेफ टेलर हे नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ.

लॉगबुक ऑफ द वर्ल्डमध्ये नाव नोंदवताना आपल्याला परवान्याची आणि आणखी एका ओळखपत्राची प्रत पाठवावी लागते. मग डिजिटल सहीसाठीच्या प्रमाणपत्राची फाइल येते. ती पेनड्राइव्हवर ठेवा, घरात दुसरीकडेही ठेवा. लॅपटॉप फॉरमॅट करून आणला आणि फाइल गेली, ही कहाणी मी इतक्यांकडून ऐकलीय की आता सहानुभूती उरलेली नाही.

कागदी कार्ड मेलं, असं तरुण मंडळी म्हणतात. मला पटत नाही. अनेक जुने ऑपरेटर लॉग चढवतच नाहीत, त्यांच्याकडून कार्डच मागावं लागतं. कार्ड साधारण ९ बाय १४ सेंटिमीटरचं ठेवा, म्हणजे ब्यूरोच्या (कार्डं गोळा करून एकगठ्ठा देशोदेशी पाठवणाऱ्या केंद्राच्या) खोक्यात बसतं. दोघांच्या कॉलसाइन, तारीख, वेळ, बँड, मोड, सिग्नल रिपोर्ट एवढं स्वच्छ लिहा. लिहिताना ५ चा ६ झाला तर गिरवू नका. कार्ड फाडा, दुसरं घ्या. खाडाखोड केलेलं कार्ड सन्मानासाठी धरत नाहीत, आणि नुकसान होतं ते तुमचं नव्हे, ज्याला पाठवलं त्याचं.

ब्यूरोने कार्ड स्वस्तात जातं, पण उत्तराला वर्षं लागतात. घाई असेल तर थेट टपालाने पाठवा. सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं पाकीट आणि परतीच्या टपालाची सोय. पाकिटावर कॉलसाइन मात्र लिहू नका. आत परतीचे पैसे असतात हे टपालातल्या चोरांनाही ठाऊक झालंय.

दुसरी बाजूही आहे. तुम्हाला जसा बाहेरचा देश हवा असतो, तसे तुम्ही कुणाला तरी हवे असता. २००४ च्या डिसेंबरात हौशी रेडिओ ऑपरेटर भारती प्रसाद यांची तुकडी पोर्ट ब्लेअरहून प्रसारण करत होती. अंदमान कित्येक वर्षांनी हवेत आलं होतं आणि जगभरचे लोक त्या एका संपर्कासाठी रात्री जागवत होते. २६ तारखेला त्सुनामी आली. याद्या बाजूला राहिल्या आणि त्याच रेडिओवरून माणसांची खुशाली मुख्य भूमीवर पोचू लागली. रोजच्या दिवसांत आपण अंदमान नसू, पण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या छोट्या स्टेशनवाल्याला भारतातला साधा व्हीयू२ कॉलसाइनवाला सुद्धा सहजी मिळत नाही. असं असताना आलेल्या कार्डाला उत्तर न देणं मला शुद्ध आळस वाटतो. व्हीयू३ वाल्यांनाही हे लागू.

डीएक्ससीसीच्या अर्जाचं काम त्या मानाने सोपं. लॉगबुक ऑफ द वर्ल्डच्या संकेतस्थळावर जुळलेले संपर्क निवडा, फी भरा, पाठवा. अमेरिकेबाहेरच्या अर्जदाराला एआरआरएलचं सभासदत्व लागत नाही. कागदी कार्डं असतील तर ती मान्यताप्राप्त तपासनीसाकडून तपासून घेता येतात. ई-क्यूएसएल या ऑनलाइन कार्डांच्या सोयीवरची कार्डं दिसायला छान, पण डीएक्ससीसीला ती चालत नाहीत. सगळे संपर्क एकाच प्रदेशातून केलेले हवेत, म्हणजे पुण्यातून ८० आणि दुबईच्या नोकरीत २० असं चालणार नाही. रिपीटरवरून (सिग्नल पुढे पाठवणाऱ्या केंद्रावरून) झालेली बोलणीही वगळा.

आता ज्यांनी लॅपटॉप आणलेत, त्यांनी गेल्या महिन्याचा लॉग उघडा. आधी फक्त मध्यरात्र ते पहाटे साडेपाचमधले संपर्क शोधा. त्यांच्या तारखा एकेक करून बघू.