माटोळीखालच्या गप्पा

नमस्कार, श्रोतेहो.

चवथीला गोव्यातल्या माशेलच्या आमच्या जुन्या घरात सगळं कुटुंब जमतं. गणपतीवर फळाभाज्यांची माटोळी बांधून झाली की बायकांच्या गप्पा दुखण्यांवर येतात. गेल्या वर्षी मी कान देऊन ऐकलं. मोठ्या आत्याला हाशिमोटो थायरॉईड. धाकटीची बोटं आमवातानं वाकलेली. चुलतभावाचा मुलगा टाइप 1 मधुमेहामुळे सातव्या वर्षापासून इन्सुलिनवर. आणि एक चुलतबहीण लांब बाह्यांत हातांवरचं कोड झाकून कोपऱ्यात बसलेली.

चौघांची दुखणी वेगळी दिसली, तरी त्यांची जातकुळी एकच. या साऱ्यांत शरीराची राखण करणाऱ्या पेशी आपल्याच अवयवाला परका समजतात. कुठे थायरॉईडवर चाल करून जातात, कुठे सांध्यांच्या अस्तरावर, कुठे स्वादुपिंडावर, तर कुठे कातडीला रंग देणाऱ्या पेशींवर.

आपलं कोण, परकं कोण हे ओळखायला मदत करणारी एचएलए जनुकं सहाव्या गुणसूत्रावर असतात. त्यांतला डीआर3 हा प्रकार टाइप 1 मधुमेहात दिसतो, सांधे, कातडी, मूत्रपिंडं अशा अनेक अवयवांवर उठणाऱ्या ल्युपसमध्ये दिसतो, गव्हानं बिघडणाऱ्या सिलिॲक आजारातही दिसतो. 2004 साली पीटीपीएन22 या जनुकातला एका अक्षराचा बदल टाइप 1 मधुमेहाशी जोडला गेला. त्याच वर्षी आमवाताशी, पुढे थायरॉईड आणि कोडाशीही. नवल म्हणजे आतड्यांच्या क्रोन आजारात हाच बदल थोडं संरक्षण देतो! युरोपीय लोकांत तो बराच आढळतो, आपल्याकडे विरळा. म्हणून तिकडचे निष्कर्ष इथे जसेच्या तसे लावता येत नाहीत.

आणि जनुक म्हणजे विधिलिखित नव्हे. जुळ्या, अगदी एकसारख्या भावंडांत एकाला आमवात झाला, तरी दुसऱ्याला तो होण्याचं प्रमाण शंभरात साधारण 15 आहे. धूम्रपानासारख्या गोष्टींचाही त्यात हात असतो.

मला खरी कळकळ त्या बहिणीची वाटते. कोड शिवल्यानं पसरत नाही, तो कुळाचा दोषही नाही. तरी सोयरीक मोडेल म्हणून घरच्यांनी तो डॉक्टरांपासूनही लपवला. कोड असलेल्यांत थायरॉईडचे विकार जास्त आढळतात, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. वर्षभर थकवा, केस गळणं, वजन वाढणं चाललेलं, आणि सगळे म्हणत होते, घरकामाचा शीण.

त्या रात्री आम्ही दोघींनी बसून आजीपासूनची दुखणी एका कागदावर उतरवली. तो कागद घेऊन ती डॉक्टरांकडे गेली, थायरॉईडचं काम कसं चाललंय ते दाखवणारी टीएसएचची रक्ततपासणी झाली. आता रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉईडची एक गोळी घेते.